हौदातली अस्वलं

९ जून

प्रिय सेझिदिया,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघा पाऊस यायच्या आधी बोलतो, नंतर गप्प बसतो. मेंढ्यांची लोकर उतरवून झाली. यंदाचं चीज जरा खारट झालंय. शेजारच्या कोंचेत्सिओने कवळी बसवून घेतली. आता तो हसला की चावेल असं वाटतं. तिकडे तोरिनो शहरात तुझं कसं चाललंय ते विचारत नाही. दोन वर्षांत तू माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस, आणि खरं सांगायचं तर त्या पत्रांत उत्तर देण्यासारखं काही नव्हतंच.

या वेळी आहे. डोंगरावरच्या आपल्या हौदात अस्वलाचं पिल्लू पडलं होतं. घाबरू नकोस, ते जिवंत आहे आणि माझं जेवण खाऊन गेलंय.

परवा सकाळी मेंढ्या घेऊन वर गेलो, तर एकही मेंढी पाण्याच्या डोणीजवळ जाईना. कुत्रा तर तीनचाकीत चढून माझ्याच जागेवर बसला. हौदात धपाधप आवाज येत होता. वाकून पाहिलं, तर वर्षभराचं पिल्लू, नाकापर्यंत पाण्यात, गुळगुळीत भिंतीवर नखं मारतंय आणि घसरतंय. पलीकडच्या काठावर त्याची आई. ग्रामसभेत तू माझ्याकडे जशी पाहत होतीस, अगदी तशी पाहत होती. मी कुत्र्याला सरकवून आत बसलो आणि कोंचेत्सिओला फोन लावला.

“ट्रॅक्टर काढ. माझ्या डुकरांच्या गोठ्याची मागची भिंत उचकट आणि वर घेऊन ये.”

“आणि डुकरं?”

“डुकरं बुडत नाहीयेत. घाई कर, अर्ध्या तासात दमतं ते.”

हो, तीच भिंत. अस्वलांना हौदातून चढून येता यावं म्हणून तू फळ्यांवर पट्ट्या ठोकून केलेली ती लांबलचक शिडी. अस्वलाला पोहता येतं, माझ्या मुलीच्या सुतारकामाची त्याला गरज नाही, असं मी भर सभेत म्हणालो होतो. सगळे हसले होते, तू सोडून. डुकरांच्या गोठ्याला मात्र ती भिंत म्हणून मापात बसली.

कोंचेत्सिओ आला. ट्रॅक्टरच्या मागोमाग माझी तिन्ही डुकरंही आली, घर का मोडलं म्हणून जाब विचारायला आल्यासारखी. एवढी वरात पाहून आई झाडांच्या कडेपर्यंत मागे सरली. आम्ही शिडी पाण्यात सोडली. पिल्लाने आधी ती चावून पाहिली, मग तिच्याखाली शिरलं.

“वर ये, बाळा,” कोंचेत्सिओ त्याला समजावत होता. “बेरार्दी, याला कळत नाहीये रे.”

“तुला तरी कवळी पहिल्या दिवशी कुठे कळली होती?”

शेवटी चढलं. काठावर येऊन अंग झाडलं, आम्हा दोघांना आंघोळ घातली, आणि पळायचं सोडून माझ्या पिशवीत तोंड घातलं. भाकरी, चीज आणि पिशवीचा अर्धा पट्टा, सगळं खाल्लं. मग आईने फुरफुर केलं तसं तिच्यामागे निघून गेलं.

“चाळीस वर्षांत तुझं चीज आवडीने खाणारं हे पहिलं गिऱ्हाईक,” कोंचेत्सिओ म्हणाला. आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो.

हसून झाल्यावर त्याने विचारलं, “अर्ध्या तासात दमतं, हे तुला कसं ठाऊक?”

“ऐकलं होतं कुठेतरी.”

तो डुकरं हाकत खाली गेला.

पोरी, ऐकलं नव्हतं. पाहिलं होतं.

फाटक्या कानाची तुझी ती अस्वलीण, जिच्या मागावर राहून तू नोंदी करायचीस. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये ती याच हौदात पडली. मी दोर आणायला खाली धावलो. अर्ध्या तासात परत आलो, तर ती दमून बुडताना दिसली. तू तेव्हा समोरच्याच उतारावर होतीस. फोन केला असता तर दहा मिनिटांत पोचली असतीस. पण तू पहिला प्रश्न शिडीचा विचारला असतास, म्हणून मी केला नाही. तिला अक्रोडाखाली पुरलं. पुढे एकोणीस दिवस तू तिला शोधत होतीस. रोज भिजून घरी यायचीस, मी तुला गरम सूप वाढायचो आणि म्हणायचो, गेली असेल कड्यापलीकडे. जगात ही जात पन्नास-साठच उरलीय आणि त्यातल्या माद्या तर हातावर मोजण्याइतक्या, हे तूच मला त्याच टेबलावर बसून सांगत होतीस. मी मान डोलवत होतो.

काल वनरक्षकांच्या चौकीत जाऊन सगळं सांगितलं. जे व्हायचं ते होईल. हौदावर जाळी बसली, शिडी आतच ठेवलीय. डुकरं सध्या माझ्या स्वयंपाकघरात आहेत.

हाडांवरून पुष्कळ कळतं, असं तू एकदा म्हणाली होतीस. ते लोक खणायला येणार आहेत. मी त्यांना सांगितलंय, माझी मुलगी आल्याशिवाय तिथे कुणी फावडं लावायचं नाही. तू येशील की नाही, हे मात्र मला त्यांना सांगता आलं नाही.

तुझा खोटारडा बाप,
बेरार्दिनो