सहा धाकट्या

३ मार्च

एकदाच्या पोचलो! मी, माझी धाकटी बहीण आणि धाकटीच्या तीन बॅगा. पंधरा दिवसांच्या कामाला एवढे कपडे कशाला, असं विचारलं तर म्हणते, लग्न ठरलेल्या मुलीने नीटनेटकं दिसायला नको? जणू कॅलिडोस्कोपच तिला बघायला येणार आहेत.

काम मात्र झकास आहे. मालकीणबाईंनी चाळीस वर्षं खपून कॅलिडोस्कोप जमवलेत, काचेचे, हाताने घडवलेले, एकशे बारा. वरच्या मजल्यावर तीन खिडक्यांची खोली, भिंतभर कपाटं. एकेक नळी उघडायची, आतले आरसे साफ करायचे, सैल काचा बसवायच्या. काच माझ्याकडे, फोटो आणि यादी धाकटीकडे. मालकीणबाई गोड बोलतात. स्वयंपाकाला एक बाई आहे, ती मुळीच बोलत नाही, पण चहा फर्मास करते.

५ मार्च

एकतीस नळ्या झाल्या. एका नळीत काचेचे तुकडे तेलात तरंगतात. फिरवून थांबलं तरी आतलं चित्र मिनिटभर हळूहळू बदलत राहतं. आम्ही दोघी ‘आता मी, आता मी’ करत भांडलो. माझं वय काय, मी करते काय! आईचा फोन आला. नेहमीप्रमाणे धाकटी नीट जेवते का ते आधी विचारलं, मी जिवंत आहे का ते नंतर.

६ मार्च

आज निळी नळी. हिच्यात रंगीत तुकडे नाहीत, टोकाला नुसता काचेचा गोळा. जिकडे रोखावी तिकडचंच सहा वेळा दिसतं. धाकटीवर रोखली तर पाकळ्यांसारख्या सहा धाकट्या, सहाही जीभ काढून दाखवणाऱ्या. इथे एक आवरत नाही, सहा कुठून सांभाळू, म्हटलं.

एक चूक झाली. असल्या आरशांचा पारा मागच्या नाही, पुढच्या बाजूला असतो. त्याला उघडा हात लावायचा नसतो, फक्त हवा मारून धूळ उडवायची. हातमोज्यांची एकच जोडी आणली होती आणि ती मी घातली होती. आरशाची पट्टी निसटायला लागली तशी मीच ‘धर, धर!’ म्हणून ओरडले. धाकटीने धरली. आरशावर तिचा अंगठा उठला. पुसावं तर पारा निघतो, म्हणून तसाच ठेवून नळी बंद केली. मालकीणबाईंना सांगितलं नाही. दारात स्वयंपाकाची बाई उभी होती. तिने तोंडावर हात ठेवला आणि खाली निघून गेली.

८ मार्च

निळी नळी पुन्हा काढली. धाकटीवर रोखली. पाच धाकट्या. सहाव्या पाकळीत खिडकी आहे, स्टूल आहे, स्टुलावर कोणी नाही. आरसा असं करूच शकत नाही. सगळे काढून पुन्हा बसवले, तरी पाचच.

दुपारी धाकटीने होणाऱ्या नवऱ्याला फोन केला. त्याने कोण बोलतंय विचारलं. ती हसली. त्याने पुन्हा विचारलं, अगदी सभ्यपणे, आणि राँग नंबर म्हणून फोन ठेवला. मग मी लावला. मला त्याने लगेच ओळखलं. त्याच्या ऑफिसचं काचकाम मीच केलं होतं, स्थळही मीच आणलं. म्हणाला, तुम्हाला बहीण आहे हे माहीत नव्हतं.

९ मार्च

चार. तिची पहिलीपासूनची मैत्रीण. तिलाही काही आठवत नाही.

नळी कपाटात ठेवून कुलूप लावलं. बघितलंच नाही तर काही होणार नाही.

१० मार्च

बाबा. बाबासुद्धा! नळीत न बघताही विसरले. कुलूप काढून पाहिलं तर तीन.

११ मार्च

मालकीणबाईंनी नाश्त्याला मला बाजूला घेतलं, तुमच्याबरोबर ही मुलगी कोण, असं विचारलं. दोन.

स्वयंपाकाच्या बाईला जिन्यात गाठलं. शेवटी बोलली. तिनेही एकदा तोच आरसा उघड्या हाताने धरला होता. ती मालकीणबाईंची मुलगी आहे. पोटची. आई आता तिला बाई म्हणून हाक मारते. उपाय काय, विचारलं. म्हणाली, उपाय असता तर मी इथे भांडी घासत बसले असते का.

नळी फोडू, म्हटलं. तिने फोडून पाहिली होती. दुसऱ्या दिवशी कपाटात अख्खी.

१२ मार्च

आईला म्हटलं, धाकटीशी बोल. आईने विचारलं, कोण धाकटी? तू एकटीच तर आहेस मला. काम फार होतंय का गं?

धाकटी शेजारीच होती. सगळं ऐकलं तिने. 

१३ मार्च

एक उरली. ती माझ्यापुरती.

लिहून ठेवते. मला बहीण आहे. पाच वर्षांनी लहान. वरचा दात वाकडा. झोपताना पाय पांघरुणाबाहेर. मी दहावीला नापास झाले तेव्हा माझ्याआधी ती रडली. हातमोजे माझ्या हातात होते. चूक माझी —

हात धरून बसलोय. दर पाच मिनिटांनी ती विचारते, मी कोण? मी सांगते. आत्ता जरा वेळ लागला सांगायला. तिच्या लक्षात आलं —

१४ मार्च

ऊन छान आहे. कामाला लागणार होते, पण जाग आली तर एक मुलगी माझा हात धरून बसलेली. घाबरलेच. हात सोडवून घेतला, ढकलून तिला बाहेर काढलं, कडी घातली. मालकीणबाईही खालून ओरडून म्हणाल्या, ओळखत नाही.

दार वाजवतेय. ताई म्हणते मला. म्हणते, कालचं पान वाच. वाचलं. अक्षर माझ्यासारखंच. माझी वही चोरून हिने किती दिवस गिरवलं असेल —

रडतेय. फक्त एकदा माझ्याकडे नीट बघ, म्हणते. दार किलकिलं करून पाहिलं. अगदी नीट पाहिलं. शपथेवर सांगते, या मुलीला मी कधी —