वन्संच्या अबंधित निधीबाबत

मी, खाली सही करणारी, नगर कार्यालयाच्या लेखा शाखेतून निवृत्त झालेली विधवा, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि मुद्दाम दोन्ही मुलगे घरात नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण उद्या आधी त्यावरच बोट ठेवले जाईल. यापूर्वीचे मृत्युपत्र म्हणून कोणी काही दाखवलेच, तर ते खोटे समजावे. मी एकही केलेले नाही.

कलम १. शब्दांचा अर्थ. सरकारकडून येणारा निधी दोन जातींचा असतो. बंधित निधी ज्या कामासाठी आला त्याच कामाला लावायचा. गटारासाठी आला, तर गटारच बांधायचे. अबंधित निधी कशावर खर्च करायचा, ते घेणाऱ्याने आपल्या गरजेप्रमाणे ठरवायचे. आमच्या एका अध्यक्षांना गटाराच्या पैशांत स्वागत कमान हवी होती. मी आक्षेप घेतला. "बाई, पैसा तो पैसा," असे म्हणून त्यांनी कमानीखालून दोन हात गटार काढले आणि तेच बिल पुन्हा माझ्या टेबलावर पाठवले. मी पुन्हा आक्षेप घेतला. तेव्हापासून मला 'आक्षेपबाई' म्हणतात. सदर अध्यक्षांनी माझ्या शोकसभेत भाषण करू नये.

हे शब्द माझ्यामागे घरी आले आणि घरचेच झाले. महिनाअखेर आली की यजमान विचारत, "अबंधित काही उरलंय का?" म्हणजे सिगारेटपुरते. मुलगे वह्यांसाठी बंधित पैसे नेत आणि सिनेमा पाहून येत. वही दाखव म्हटले की शेजारच्या मुलाची आणून दाखवत. मूल कुठल्या वळणावर जाणार, हे आईला तेव्हाच कळते.

कलम २. घर. तीन खोल्यांचे हे घर माझ्या पगारातून घेतलेले आहे आणि माझ्या एकटीच्या नावावर आहे. यात माझ्याबरोबर माझ्या नणंदबाई राहतात. त्यांना मी वन्सं म्हणते. लग्न मोडल्यावर एक ट्रंक घेऊन त्या भावाकडे आल्या. मी नोकरीवर जात असे, त्यांनी माझी मुले वाढवली आणि आजही स्वयंपाक त्याच करतात. त्या हयात असेपर्यंत हे घर त्यांच्या राहण्यासाठी बंधित राहील. त्यांच्या पश्चात ते दोन्ही मुलांना निम्मे निम्मे मिळेल. तोवर विकता येणार नाही, गहाण ठेवता येणार नाही, आणि मोजताही येणार नाही.

हे शेवटचे का लिहिले, ते सांगते. गेल्या महिन्यात थोरला आला आणि टेप घेऊन मागची खोली मोजू लागला. मी विचारले तर म्हणाला, "पडदे शिवायचेत, आई." त्या भिंतीला खिडकी नाही. जेवताना म्हणाला, "तुझ्यानंतर आत्याला आम्ही नेऊ. तिचं सगळं करू." मला भरून आले असते, पण त्यांची स्वयंपाकीण आदल्याच आठवड्यात काम सोडून गेल्याचे मला धाकट्या सुनेने सांगितले होते.

कलम ३. किरकोळ वस्तू. 'आक्षेप' असा माझा जुना शिक्का आणि शाईचा पॅड धाकट्या सुनेला द्यावा. तिचे लग्न माझ्या मुलाशी झाले आहे, तिला लागेल. थोरलीला माझी शाल द्यावी. ती शाल तिने 'जुनाट' म्हटली होती, म्हणूनच. शेजाऱ्यांनी नेलेली शिडी आमची आहे.

कलम ४. ठेव. बँकेतील माझी सगळी ठेव वन्संना मिळेल, आणि ती अबंधित आहे.

या कलमावर वकीलबाई अडल्या. "'उदरनिर्वाहासाठी' असा शब्द घालू या, बरं दिसतं," त्या म्हणाल्या. मी नकार दिला. तो शब्द घातला की माझे मुलगे त्याच्या आडून प्रत्येक खर्चाचा जाब विचारतील. उदरनिर्वाहात रिक्षा बसते का? नवी चप्पल बसते का? वन्संच्या हातात आयुष्यभर बंधित पैसाच पडला. हे भाजीचे, हे दुधाचे, हे औषधाचे. उरलेली मोड त्या फळीवर आणून ठेवत आणि ती मी उचलत असे. धाकट्याने चष्म्यासाठी पैसे पाठवले आणि वर सांगितले, "आत्या, चष्मा घालून फोटो पाठव." त्यांनी पाठवला. त्या फोटोत त्या हसत होत्या, याचा मला फार राग आला.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे असे नाही, पण माझ्या मुलांशी त्यांचे पटत नाही, एवढे मला पुरेसे आहे.

कलम ५. सही करण्यापूर्वी मी चौथे कलम वन्संना वाचून दाखवले. त्या पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, "वहिनी, एवढ्याचं मी काय करू?"

मी म्हटले, "ते मला सांगू नका, वन्सं."

त्यांनी तवा उतरवला. पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "उद्या संध्याकाळी मी स्वयंपाक करणार नाही. बाहेर जाणार आहे."

इतक्या वर्षांत असे त्या पहिल्यांदाच बोलल्या. 'कुठे' हा शब्द माझ्या अगदी ओठांवर आला. मी तो विचारलेला नाही. माझ्या पश्चातही तो कोणी विचारू नये.

हे सर्व मी स्वतः लिहिले, पुन्हा वाचले आणि खालील दोघांसमोर सही केली. या कागदातून दोघांनाही काही मिळणार नाही, म्हणूनच त्यांना बोलावले.

सही: आक्षेपबाई (कायदेशीर सही शेजारी केली आहे)

साक्षीदार १: समोरच्या दवाखान्यातील डॉक्टर (सही)
साक्षीदार २: तळमजल्यावरील इस्त्रीवाले (सही)

स्थळ: राहत्या घरी, स्वयंपाकघरात
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६, सोमवार