दुप्पट वेगाने ऐकलेली आई

१४ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. थोरलीची परीक्षा संपली, धाकट्याची सुरू व्हायचीय, आणि तुझे मेहुणे पुन्हा एकदा व्यायाम सुरू करणार आहेत. उद्यापासून. तुझा गुडघा कसा आहे? इंजिनरूममधल्या त्या लोखंडी शिड्या चढताना जपून चढ. तुझ्या वयाची माणसं बाकावर बसून इतरांच्या गुडघ्यांची चौकशी करतात.

कंपनीच्या माणसाबरोबर पाठवलेलं तुझं पत्र पोचलं. पाकिटावर आईचं नाव होतं, म्हणून ते मामाने उघडलं. आईला आता सगळं वाचून दाखवावं लागतं, आणि ते काम मामाने स्वतःकडे घेतलंय. मी तिथेच होते, आईची नखं कापत होते. मामा नेहमीसारखा चढ्या आवाजात वाचत होता. त्याला स्वतःला ऐकू येत नाही, तर वाटतं कुणालाच येत नाही. मध्येच तो थांबला. पुढच्या ओळींवरून नुसती नजर फिरवली, कागदाची घडी घातली आणि आईला म्हणाला, "पुढे सगळं हवापाण्याचं आहे गं ताई."

पुढे काय होतं ते मी नंतर वाचलं. महिनाअखेरीला तू उतरतोयस. तोवर मामाने आपली दुसरीकडे सोय बघावी. आईला चांगल्या संस्थेत ठेवू. "चोवीस तास एका घरात राहून ज्याला बहिणीची जीभ जड होतेय हे कळलं नाही, त्याच्या भरवशावर आईला ठेवायचं नाही." दादा, तुझं अक्षर इतकं खोल रुतलंय की कागदाच्या मागून बोटाला लागतं.

तुझा राग मला कळतो. डॉक्टरांनी तुला फोनवर सांगितलं तेच आम्हालाही सांगितलं होतं. मेंदूला मोठा झटका यायच्या आधी बारीकसारीक झटके येऊन गेले असणार, बोलणं हळूहळू बिघडत गेलं असणार, वेळेत आणलं असतं तर कदाचित एवढी वाचा गेली नसती. "घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा खोलीत आम्ही दोघं होतो, मामा आणि मी. मामाला प्रश्न ऐकू आला नाही. मला आला. 

आता जरा माझ्या कामाचं सांगते. विषय बदलतेय असं वाटेल, पण वाच.

आमच्या दातांच्या लॅबमध्ये हल्ली फार धावपळ आहे. आणखी तीन दवाखान्यांचं काम घेतलंय. कवळ्या, टोप्या, तारा, सगळं आजच हवं असतं. दात नसलेला माणूस दहा वर्षं बिनदाताचा राहतो आणि माप दिलं की दुसऱ्या दिवशी लग्नाला निघतो. माझे हात दिवसभर प्लास्टरमध्ये नाहीतर मेणात, पण कान रिकामे. मला रिकामं काही बघवत नाही, तुला माहीत आहे. आईने माझं नाव भिंगरी ठेवलं ते उगाच नाही. भाजी चिरताना पोरांचे पाढे घ्यायचे, केस वाळवताना बिलं भरायची, एका दगडात दोन पक्षी नाही पडले तर दगड वाया गेला असं वाटायचं.

तर या रिकाम्या कानांत मी आई भरली. तुझ्या बोटीवर आवाजाचे निरोप उघडत नाहीत, म्हणून तिची सगळी बडबड माझ्या वाट्याला यायची. सकाळी उठल्यापासून सुरू. समोरच्या बाल्कनीतल्या बाईने पडदे बदलले, जिन्यातल्या मांजरीला पुन्हा दिवस गेले, मामाने चष्म्यावर बसून चष्मा मोडला आणि दोष खुर्चीला दिला. मी फोन समोर ठेवायचे आणि करंगळीने बटण दाबायचे.

मग थोरलीने मला शिकवलं की निरोप दुप्पट वेगाने ऐकता येतात.

दादा, मला केवढा आनंद झाला होता! लॅबमधल्या मुलींना मी बोलावून दाखवलं. आई चिमणीसारखी चिवचिवायची आणि अर्ध्या वेळात मोकळं. मजकूर सगळा कळायचा. मांजर कळायची, पडदे कळायचे. वेळेचं सोनं करणं म्हणतात ते हेच, असं मला वाटायचं. त्या वाचवलेल्या वेळाचं मी पुढे काय केलं ते मात्र आज कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही.

दर खेपेला तू लिहून विचारायचास, आईचा आवाज कसा वाटतो? दर खेपेला मी लिहायचे, ठणठणीत. ते खोटं नव्हतं. माझ्या कानात ती ठणठणीतच होती. माणसाचं बोलणं जड होत गेलं, शब्दाला शब्द चिकटायला लागला, तर दुप्पट वेगात ते साधारण तुमच्याआमच्यासारखं ऐकू येतं. फार तर थोडं बोबडं. बोबडेपणाचं कारण माझ्याकडे तयार होतं. त्याच सुमारास मी तिला नवी कवळी करून दिली होती. माझ्या हातची, मनासारखी जमलेली. नव्या कवळीला जीभ अडखळतेच, मी हे रोज लोकांना सांगते.

ती दवाखान्यात असताना मी एकदा ते जुने निरोप साध्या वेगाने लावले. एकेक शब्द ती शोधून आणत होती. 'बाल्कनी' म्हणायला गेली आणि 'ती… ती बाहेरची…' म्हणून सोडून दिलं. एका निरोपाची सुरुवात अशी आहे: "तू घाईत असशील. मी थोडक्यात सांगते." एवढं म्हणायला तिला इतका वेळ लागलाय की मी मध्येच फोन बंद पडला का ते बघितलं. पुढे मांजरीला पिल्लं झाल्याची बातमी आहे. मी ती तेव्हा ऐकली होती आणि उत्तराला एक हसरा चेहरा पाठवला होता.

इथवर लिहून मी उठले होते. चहा केला, प्यायला विसरले. कारण एवढंच सांगून थांबले असते तर तू म्हणाला असतास, जाऊ दे, तुलाही कळलं नाही, मामालाही कळलं नाही. पण मामाला कळलं होतं.

तो सांगायला आला होता, दादा. माझ्याकडे, लॅबमध्ये.

फोनवर त्याला ऐकू येत नाही म्हणून एवढ्या लांब बस बदलून आला. तू त्याला बहिरा म्हणतोस, पण पत्र्याच्या कारखान्याने कान नेल्यापासून तो माणसांची तोंडं वाचतो आणि आपल्या दोघांपेक्षा जास्त ऐकतो. लहानपणी आपण त्याच्याकडे पाठ करून त्याला नावं ठेवायचो, आठवतं? तोंड दिसलं की पकडायचा. तर तो दारात उभा राहिला. माझ्यासमोर पॉलिशची मोटर सुरू होती आणि दवाखान्याचा माणूस तयार कवळ्यांचे डबे न्यायला खाली येऊन थांबला होता. मोटर मी बंद केली नाही. त्याला कुठे आवाजाचा त्रास होतो, असाच विचार केला असेन.

तो म्हणाला, "पोरी, हल्ली ताईचं तोंड मला वाचता येत नाही."

मी तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि म्हणाले, "नवी कवळी आहे मामा. होईल सवय." मास्क वर केला आणि कामाला लागले.

तो गेला नाही. म्हणाला, "उजव्या बाजूने पाणीही सांडतं गं तिच्या. डॉक्टरकडे नेऊ का? तू येशील का बरोबर? मला डॉक्टरचं बोलणं कळत नाही, ते मान खाली घालून लिहीत बोलतात."

मी म्हणाले, या आठवड्यात जमणार नाही, पुढच्या आठवड्यात बघू. पण दादा, हे मी मास्कच्या आतून म्हणाले. आमच्याकडे दाताची भुकटी उडते, पुन्हा मास्क खाली ओढायचा म्हणजे हातातलं काम थांबवायचं. तेवढं मी केलं नाही. मामा माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. त्याला दिसला असेल एक पांढरा फडका. मग त्याने मान हलवली, हसला आणि "बरं, बरं" म्हणून गेला. मला वाटलं त्याला समजलं. त्याने घरी जाऊन आईला सांगितलं, भिंगरी म्हणते काळजीचं काही नाही.

पुढचा आठवडा उजाडला तेव्हा आई स्वयंपाकघरात पडली होती.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी मामासमोर बसले आणि म्हणाले, मी दादाला सगळं लिहिते. मामा, तू लॅबमध्ये आला होतास, मी तुला हाकललं. तो म्हणाला, "काही लिहू नकोस. त्याला रागवायला कुणीतरी हवंय, मी बरा आहे. मी म्हातारा माणूस, माझ्यावरचा राग किती दिवस टिकणार? माझ्याबरोबर संपेल. तुम्हा दोघांना अजून बरीच वर्षं एकमेकांशी बोलायचंय."

आणि मी ते ऐकलं, दादा. मला हायसं वाटलं, हे तुझ्यापासून का लपवू? मधले काही दिवस मी तुला काही लिहिलं नाही. कामावर गेले, आले, आईला भरवलं, आणि मामा आपल्या राहण्याची कुठे सोय होते का ते विचारत फिरत होता ते बघत राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोर संन्याशाच्या हातचा चहा पीत बसला होता.

आज सकाळी मी गेले तेव्हा मामाने बॅग भरायला घेतली होती. आईची खुर्ची पलंगाजवळ होती. तिला काय समजतं, किती समजतं, यावर आम्ही सगळ्यांनी पैजा लावायच्या तेवढ्या बाकी आहेत. मामा शर्टांच्या घड्या घालून बॅगेत ठेवत होता. तिने आपला चालता हात, म्हणजे डावा, लांब केला, बॅगेतला वरचा शर्ट ओढून काढला आणि मांडीवर घेतला. मामाने हसत हसत परत घेतला, तिने दुसरा काढला. त्याने तोही घ्यायचा प्रयत्न केला तर तिने मुठीत धरला आणि सोडेना. तोंडातून एक आवाज काढत होती. मला काही कळला नाही. मामा तिच्यासमोर उकिडवा बसला, तिच्या ओठांकडे बघत राहिला, बराच वेळ, आणि मग त्याचे डोळे भरून आले. मला म्हणाला, "नको म्हणतेय."

ते बघून मी लॅबमध्ये कळवलं की आज येत नाही, आणि तुला लिहायला बसले.

आईला कुठे ठेवायचं ते तू उतरल्यावर आपण ठरवू. संस्था चांगली असेल तर मीही बघायला येईन. पण मामाला घराबाहेर काढायचं ते माझ्या हातून होणार नाही, आणि तूही करू नकोस. त्याला दोन ओळी लिही. तो वाचतो. माफी वगैरे मागू नकोस, नुसतं लिही की राहा. मला लिहायचं नसेल तर लिहू नकोस. मला जे म्हणायचंय ते समोर आल्यावर म्हण, आणि जेवढा वेळ म्हणायचंय तेवढा वेळ म्हण. फक्त जो राग तू मामाच्या नावावर पाठवलास, तो माझा आहे. तो माझ्या पत्त्यावर येऊ दे.

तुझी म्हणायला धजत नाही, तरी तुझीच,
भिंगरी