चढावरची कविता

दादा,

तोफांच्या कारखान्याचा सकाळचा भोंगा आधी घशात काही अडकल्यासारखा खरखरायचा आणि मग एकदम मोकळा होऊन टेकड्यांवरून फिरून परत यायचा. आता कामाची वेळ ज्याच्या त्याच्या खिशातल्या फोनवर असते. तरी पहाटे जाग आली की मला तो ऐकू येतो आणि त्याच्यामागून तुमच्या सायकलची टिकटिक. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही माझे वडील असूनही आज माझ्या लेकीच्या वयाचे दिसाल. पण तुम्हाला लिहायला बसलो की हात पाटीवर गिरवल्यासारखाच चालतो.

चीनची लढाई संपली होती, पण कारखान्यातली काही संपली नव्हती. तुम्ही फिटर, व्हाइसच्या लोखंडी पकडीत सुटे भाग आवळून घासणारे, आठवड्यातून कितीदा तरी डबल ड्यूटी. शाळा सुटली की मी चढाखालच्या पुलियावर, त्या छोट्या पुलाच्या कठड्यावर, बसून तुमची वाट पाहायचो. तुम्ही यायचा, सायकलवरून उतरायचा, माझं दप्तर कॅरियरला लावायचा आणि आपण दोघं सायकल हातात धरून क्वार्टरकडे चढायला लागायचो. अर्ध्या चढावर चिंचेचं झाड. तिथं सायकल खोडाला टेकवून, एक हात सीटवर ठेवून तुम्ही म्हणायचा, "चलो, म्हण एखादी कविता." मी पुराच्या पाण्यात नाव घालणाऱ्या नावाड्याची कविता म्हणायचो, ती तेव्हा माझी लाडकी. एकदा मला भूक लागली होती, म्हणून भराभर म्हणून टाकली. तुम्ही चिडलात. "काहून रे, तुझी गाडी सुटून राहिली काय? सावकाश म्हण. एक ओळ झाली की दम घे." त्या दिवसापासून मी सावकाश म्हणायला शिकलो. शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा गुरुजी म्हणाले, या मुलाला कुठं थांबायचं ते कळतं. मला कोणी शिकवलं ते मी त्यांना सांगितलं, आणि घरी येऊन तुम्हालाही. तुम्ही नुसते हसलात.

घरी आलं की तुम्ही जबडा चोळत पाटावर बसायचा. स्वयंपाकघरात भाकरीचा वास, आणि आई डब्यातून लवंग काढून देते आहे. "काहून हो, ही दाढ घरी तर गप बसून राहते. चढावरच कशी दुखते? तिला चढ-उतार समजतो काय?" तुम्ही लवंग दाढेखाली धरून म्हणता, "समजते ना. तुझ्यापेक्षा हुशार आहे ते." आई लाटणं उगारते, आम्ही सगळे हसतो. शेवटी एका रविवारी तुम्ही ती दाढ काढूनच आलात. आईनं ती उजेडात धरून पाहिली. पांढरी स्वच्छ, कुठं कीड नाही. "बिचारीचा काय गुन्हा होता," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी चिंचेपाशी तुमचा हात पुन्हा जबड्यावर. मग डावा खांदा भरून यायला लागला. शेजारचे भैया म्हणाले, "गैस है, सोडा पी लो, डकार आई कि सब ठीक." सोडा प्यायलात, ढेकरही आला, आणि आपण सगळे निर्धास्त झालो.

पासष्टची लढाई पेटली तेव्हा खिडक्यांना काळे कागद लागले. सगळेच थकलेले असायचे, त्यात तुमचा थकवा कोणाला वेगळा दिसणार? तुम्ही दवाखान्याचं नाव काढू द्यायचा नाही. लढाईच्या दिवसांत डॉक्टरच्या चिठ्ठीवर हलक्या कामावर बसायची तुम्हाला लाज वाटायची. आधी फक्त चिंचेपाशी एक कविता असायची. मग वरच्या देवळापाशी आणखी एक. मग तुम्ही म्हणायला लागलात, "आज लंबीवाली म्हण." मला वाटे, दादांची गोडी वाढून राहिली. आणि एक दिवस चढ सुरू व्हायच्या आधीच, पुलियाजवळच्या सपाट रस्त्यावर, तुम्ही थांबलात. "इथंच म्हण." मी किती हरखून गेलो होतो, दादा.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी बुटाची नाडी बांधताना तुमचे हात थांबले. हवेत गारवा होता आणि तुमचा सदरा घामानं भिजलेला. तोंड राखेसारखं. "छातीत कोणी व्हाइस आवळून राहिलं," एवढंच बोललात. भैया रिक्षा घेऊन येईपर्यंत भोंगा झाला, आणि पहिल्यांदाच तुम्ही त्या आवाजावर उठला नाहीत.

पुढं मी नोकरीला लागलो, लग्न केलं, बाप झालो. हिच्या ब्लडप्रेशरसाठी एकदा डॉक्टरांकडे बसलो होतो. आमच्या आधीच्या माणसाला डॉक्टर विचारत होते, "चढ़ाई पर रुकना पड़ता है? रुकने से आराम मिलता है? दर्द जबड़े में जाता है, बाएँ हाथ में?" तो मान हलवत होता आणि माझ्या डोळ्यांपुढं चिंचेचं झाड उभं राहिलं. "अब पहले से कम चलने पर भी होता है? तो टालना मत. और बैठे-बैठे हो, पसीना छूटे, तो उसी वक्त अस्पताल." दाढ, खांदा, सोडा, लंबीवाली कविता, सपाट रस्ता, सगळं एका रांगेत येऊन बसलं. तुम्हाला कविता नको होती, श्वास हवा होता. घरी येऊन मी हे लेकीला सांगितलं, ती तेव्हा कॉलेजात होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, आजोबांना दोन्ही हवं असेल."

तेव्हा मला तेराव्याचा दिवस आठवला. तुमच्या शेजारच्या व्हाइसवर काम करणारे काका मला अंगणात बाजूला घेऊन म्हणाले होते, "बेटा, वो नाववाला आखिर में लौटता है कि नहीं? तेरे पिताजी रोज कविता आधी-अधूरी सुनाते थे, कहते थे बाकी कल लड़के से पूछूँगा." म्हणजे तुम्ही ऐकत होता. दम घेता घेता ऐकत होता. हे मी अनेकदा स्वतःला सांगतो.

आता खरं सांगायचं ते. दिवाळीपासून माझीही दाढ चढावर दुखते, आणि मला तर दाढाच नाहीत, कवळी आहे. सकाळी फिरताना मी थांबतो, लोकांना वाटतं मी सूर्य उगवताना पाहतो. काल बाजारातून पनागरचे मटार घेऊन येताना गल्लीत थांबलो. तेवढ्यात नागपूरहून लेकीचा फोन. "काय करून राहिले, बाबा?" मी म्हटलं, "काही नाही, ऐक, शाळेतली कविता म्हणतो." नावाड्याची म्हटली, सावकाश, ओळीओळीला दम घेत. एरवी ती हसते. काल म्हणाली, "कुठपर्यंत आले?" म्हटलं, "गल्लीत, पिठाच्या गिरणीपाशी." "अच्छा," म्हणाली, आणि फोन ठेवला.

डॉक्टरांचे ते सगळे प्रश्न मला पाठ आहेत, दादा, आणि मी एकाचंही उत्तर कोणाला दिलेलं नाही. कारण थांबलो की कविता येते, आणि कविता आली की तुम्ही सायकलच्या सीटवर हात ठेवून शेजारी उभे असता. गोळ्यांनी चढ सोपा झाला तर तुम्ही तिथं थांबाल की नाही, याची मला भीती वाटते. म्हाताऱ्या माणसानं असं लिहू नये, पण

दार वाजलं म्हणून उठलो होतो, आता उभ्याउभ्याच लिहितो. लेक आहे. रात्रभर बसमध्ये बसून आली, केस विस्कटलेले, हातात फक्त पर्स. मी विचारलं, "अगं, तू? आज कशी काय?"

ती आतही आली नाही. उंबऱ्यावरूनच म्हणाली, "गिरणीपाशी चढ नाही, बाबा. चप्पल घाला. ऑटो उभा आहे."