बाथरूमची पांढरी भिंत

३ फेब्रु.
बाथरूमच्या भिंतीच्या आणखी चार टाइल्स पडल्या. हे अंघोळीला बसलेले, थोडक्यात वाचले. हिरवा तुकडा उचलून माझ्या हातात दिला. काटा बंद पडला म्हणाले. कापसाच्या जिनिंगमधल्या वजनकाट्यावर नोकरी झाली, मनाने अजून तिथेच असतात. सकाळचं जेवण दुपारी आठवत नाही. पण अंघोळ स्वतःची स्वतः. नळ, मग्गा, साबण, हात आपोआप जातो. तेवढंच उरलंय.

५ फेब्रु.
शंकर मिस्त्री बघून गेला. "काकू, पाइप अंदरून सडला. पुरी भिंत उकरा लागते."
अशाच हिरव्या मिळतील का विचारलं.
"हा माल कवाचाच बंद झाला."
मनीषाचा नागपूरहून फोन. "आई, पांढऱ्या घे. उजेड राहील, बाबाले नीट दिसेल." लेकीचं पटलं.

९ फेब्रु.
तोडफोड सुरू. हे अंगणात कानावर हात ठेवून. "काय करून राह्यले हे लोकं?" सांगितलं. परत तेच. परत. दुपारी मी ओरडले त्यांच्यावर. ते विसरले लगेच. मी नाही.

१३ फेब्रु.
भिंत झाली. नळ उजवीकडे घ्यावा लागला, जुनी लाइन बंद केली. धरायला स्टीलचा दांडा. छान दिसते, खरंच.

१४ फेब्रु.
हे दारातच थांबले.
"कोनाचं घर हाय हे?"
"आपलंच."
"नाई. आपल्या घरी चला ना, बाई."
चौकट धरून ठेवली, बोटं सोडवता सोडवेना. चाळीस वर्षं सुमन म्हणणारा माणूस. आज बाई.

१७ फेब्रु.
चौथा दिवस, अंघोळ नाही. अंगणात पाणी काढून दिलं तर उघड्यावर कपडे काढायला लाजतात. बरोबरच आहे. खोलीत ओल्या टॉवेलने पुसून घेतलं. डोळे गच्च मिटून बसले होते.

१९ फेब्रु.
शेजारच्या कमलताईंना ह्यांच्याजवळ बसवून वर्ध्याला गेले. हिरव्या टाइल्ससाठी चार दुकानं. एकाकडे पोपटी निघाल्या, त्या काय कामाच्या. परत येऊन शंकरला फोन केला, जुने तुकडे तरी आण.
"काकू, तो मलबा तं रस्त्याच्या खड्ड्यात टाकला. काऊन, काय झालं?"
काही नाही म्हटलं.

२२ फेब्रु.
डॉक्टर म्हणाले, जुनी भिंत असती तरी आज ना उद्या हे होणारच होतं. धीर द्यायला म्हणाले की खरंच, कोण जाणे. मनीषा फोनवर रडली, मीच पांढऱ्या म्हटलं ना आई. नाही ग म्हटलं. मनात मात्र तिलाच दोष—
जाऊ दे. तिला 'हो' तर मीच म्हटलं होतं.

२५ फेब्रु.
मी आत गेलेली पाहून हेही येतील, म्हणून आज दार नुसतं लोटून अंघोळीला बसले. आले. दाराशी उभे राहिले.
"अंदर कोन हाय?"
"मी."
मग हळू आवाजात, परक्या बाईशी बोलावं तसं, "सुमन आली का तिले सांगजा, मी इथंच उभा हावो."
सांगते म्हटलं. नळ बंद केला.