रिळाच्या तळाची गाठ

मी, तलावाकाठच्या गळ-दोरीच्या दुकानाची मालकीण, वय सत्तरीच्या पुढे, सध्या मुक्काम मुलाच्या घरी आठव्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अकलेने आणि मानगुटीवर कोणी बसलेले नसताना लिहीत आहे. यात खोटे काही लिहिणार नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. त्यांनी पाहिले माझे दातच, पण तोंडात आरसा असतानाही मी त्यांच्याशी वाद घालत होते, तेव्हा दाखला खरा धरावा. माझ्या स्वभावाबद्दल त्यांनी काही लिहिलेले नाही आणि तो या कागदाचा विषयही नाही.

हिवाळ्यात ओल्या धक्क्यावर पाय घसरून माझे खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून मला इथे आणून ठेवले आहे. हाड सांधले, पण ठेवलेली वस्तू कोणी परत नेली नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते, माझ्या वाट्याला पाणी ते तेवढेच. तिकडे तलाव तापू लागला असेल, बास मासे खोल पाण्यातून काठाकडे सरकू लागले असतील, आणि माझ्या दुकानाला कुलूप. दर दोन ओळींनी मी उठते, खिडकीशी जाते, टाकीला शिव्या घालते आणि परत येऊन बसते. वाचणाऱ्याने अक्षराला नावे ठेवू नयेत.

वकिलाने दोन गोष्टी बजावल्या आहेत. सही दोन साक्षीदारांसमोर करायची. आणि ज्याला या कागदातून काही मिळायचे आहे त्याला साक्षीदार करायचे नाही, केले तर त्याचे मिळणे बाद होते. म्हणून डॉक्टरीणबाई आणि माझी सून अशी दोन नावे मी शेवटच्या पानावर आधीच लिहून मोकळी झाले आहे. सुनेला काहीच मिळायचे नाही, सबब तिच्यासारखी चोख साक्षीदार शोधून सापडणार नाही.

कलम पहिले. दुकानामागचे माझे राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक चिरंजीवांना मिळावी. ते लिफ्टच्या कंपनीत दोर तपासण्याचे काम करतात, नाकासमोर चालतात आणि आईला हाका मारून मारून औषधे देतात. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. आईला पाण्यापासून तोडले, एवढी एक सोडून.

कलम दुसरे. दुकानही त्यांनाच. ते दुकान चालवणार नाहीत हे मला पक्के माहीत आहे. बदकाच्या आकाराच्या पायडलच्या होड्या भाड्याने देणारा एक गृहस्थ त्यांच्या मागे लागला आहे आणि चिरंजीव त्याला "बघू" म्हणाले आहेत. आमच्या घरात "बघू" म्हणजे "हो". माझ्या यजमानांनी जिथे उभे राहून जन्मभर लोकांना दोरी निवडून दिली तिथे प्लास्टिकच्या बदकांच्या चोची रचलेल्या असतील. जीव तुटतो. पण पोटचा तो एकच, आणि त्याच्याशिवाय दुकान द्यायचे तरी कोणाला?

कलम तिसरे. दुकानातला माल बदकवाल्याला घाऊक विकू नये. जो कोणी विकेल त्याने माझ्या पद्धतीने विकावा. गिऱ्हाईक आले की ते विचारते, "सगळ्यात मजबूत दोरी कोणती?" या प्रश्नाला उत्तर देऊ नये. आपण विचारावे, "पाणी कसं आहे?" पाणी नितळ असेल आणि रबरी गांडूळ तळाशी सरपटवायचे असेल तर फ्लोरोकार्बनची दोरी द्यावी. ती बुडते आणि माशाला दिसत नाही. शेवाळात, पाणगवतात रबरी बेडूक नाचवायचा असेल तर विणीची दोरी. ती गवत कापत येते, ताणली जात नाही. पाण्यावर तरंगणारा नकली मासा लावायचा असेल तर आपली साधी नायलॉनची एकतारी. ती तरंगते आणि थोडी ताणते, त्यामुळे माशाने झडप घातल्यावर उतावळ्या माणसाचा हिसका ती पोटात घेते. जाड दोरी घेऊन जाणारा माणूस माशाला नाही, स्वतःला घाबरत असतो, असे यजमान म्हणायचे. आणि गाठ कोणतीही असो, आवळण्याआधी तोंडात धरून ओली करावी. कोरडी आवळली की दोरी स्वतःच्याच घर्षणाने भाजते आणि नेमकी मोठ्या माशाला तुटते.

उठले होते. बसले.

कलम चौथे. मासेमारी मंडळाच्या अध्यक्षांना माझी लाकडी मोजपट्टी द्यावी. दोन्ही हात पुढे करून फोटोत मासा मोठा दाखवण्याची त्यांना सवय आहे. पट्टी देताना हसू नये, मी असते तर हसले असते.

कलम पाचवे. सुनेला काहीही देऊ नये. कारण लिहून ठेवते, मागाहून कोणी म्हणायला नको की म्हातारीने उगीच डूख धरला.

बुडालेल्या झाडाखाली एक बास राहायचा. एकाच कोपऱ्यात बसून तो साऱ्या जगाकडे दुर्लक्ष करी, म्हणून आम्ही त्याला हेडमास्तर म्हणायचो. यजमान हयातभर त्याच्या मागे होते. त्यांना तो काही घावला नाही. ते गेले त्याच्या पुढच्या मोसमात मी त्यांचे रीळ, त्यांची काठी आणि त्यांची होडी घेऊन निघाले. चिरंजीव वल्हवायला. नवी विणीची दोरी दुकानात आली होती, ती त्या रिळावर भरून रीळ काउंटरवर ठेवलेले होते आणि काउंटरमागे नवी सून उभी होती.

हेडमास्तरने बेडूक गिळला. काठी वाकली. मी मूठ फिरवते आहे, रीळ फिरते आहे आणि दोरी काही येत नाही! विणीची दोरी गुळगुळीत असते. तिच्याखाली आधी नायलॉनचे चार वेढे घालावे लागतात, नाहीतर ती रिळाला धरत नाही, सगळीच्या सगळी जागच्या जागी गरगरते. तो झाडाच्या फांद्यांत शिरला आणि गेला. यजमानांचा मासा माझ्या हातून गेला. चिरंजीव म्हणाले, "आई, दोरी हिने भरली असेल." धक्क्यावर आल्यावर मी तिला सगळ्या गिऱ्हाइकांदेखत बोलले. ती एक अक्षर बोलली नाही. मग तिने कपडे दुरुस्तीच्या दुकानात शिवणाचे काम धरले आणि मी तिला पुन्हा कधी काठीला हात लावू दिला नाही. रीळ मी कापडात गुंडाळून कपाटात टाकले, ते पुन्हा उघडलेच नाही. इथे येताना तेवढे रीळ आणि यजमानांची काठी मी हट्टाने सामानात घातली.

कलम सहावे. ते रीळ

इथे लिहायचे थांबले होते. आता दुसरा दिवस आहे. जे झाले ते कागदावर आलेच पाहिजे, कारण त्याने वरची कलमे फिरली आहेत.

रीळ देताना जुनी दोरी काढून द्यावी ही आमची रीत. म्हणून काल सकाळी मी कापड सोडले आणि दोरी उतरवत बसले. हाताला काम लागले तसे बरे वाटले. उतरवत उतरवत तळाशी आले. खाली नायलॉन नव्हते, ते मला ठाऊकच होते. गाठ होती. ती पाहिली आणि मी चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

चिरंजीव लहान असताना मी त्यांना समोर बसवून गाठ शिकवली. पोराने आरशात पाहावे तसे सगळे उलटे उचलले. माझे वेढे जिकडून जातात, त्याच्या बरोबर उलट्या बाजूने त्यांचे. गाठ धरत होती, म्हणून मी कधी सुधारली नाही. तशी गाठ दुसरे कोणी मारत नाही. रिळाच्या तळाशी ती उलटी गाठ होती.

चिरंजीव दुपारी जेवायला आले. मी रीळ ताटाशेजारी ठेवले.

"हे कोणी भरलं होतं?"

त्यांनी गाठीकडे पाहिले, मग बायकोकडे.

"आई, किती वर्षं झाली त्याला! एक मासा तर होता."

"मासा गेला तो गेला. नाव कोणाचं घेतलंस?"

"बाबा नुकतेच गेले होते," ते म्हणाले. "तू माझ्यावर चिडली असतीस तर मला झेपलं नसतं." मग खाली मान घालून जेवत राहिले. लिफ्टचे दोर तपासणारा माणूस! त्यांच्या लिफ्टमधून मी रोज वरखाली करते.

ते गेल्यावर मी सुनेला धरले. ती कोणाची तरी पँट उसवून लांब करत बसली होती.

"तुला तोंड नव्हतं का?"

"तुम्ही विचारलंत कुठे, आई? तुम्ही निकालच दिलात."

"नंतर सांगायचंस! एवढी वर्षं होती."

तिने दोरा ओठांत धरून ओला केला आणि सुईत ओवला. "माझ्यावर रागावून तुमचं भागत होतं. ह्यांच्यावर रागावला असतात तर घरात बोलायला कोण उरलं असतं तुम्हाला?"

मला तिचा भयंकर राग आला. असला उपकार मागितला होता कोणी? माझाच पोरगा कसा आहे ते मला कळू न देता तिने सगळे एकटीने झेलत राहायचे, आणि मी मूर्खासारखी दर मोसमाला तिच्याकडे पाठ करून काठ्या पुसायच्या! मग रडू आले. हे लिहिते आहे, कारण खोटे लिहिणार नाही असे वर लिहून बसले आहे. ती उठली नाही, जवळ आली नाही, पँट शिवत राहिली, आणि ते मला बरे वाटले.

डोळे पुसून मी म्हणाले, "दुकान तुझ्या नावावर करते."

"मला नको. भरपाई म्हणून तर मुळीच नको."

"भरपाई कसली? मी दवाखान्यात होते तेव्हा आठवडाभर दुकानात तूच बसली होतीस ना? तो दाढीवाला जाड दोरी मागत असताना त्याला बारीक विकलीस म्हणे. तो मला भेटायला आला आणि तुझंच कौतुक करत बसला."

"त्याच्याकडचं पाणी नितळ होतं. जाडीनं मासा पळाला असता."

"मग घेतेस ना?"

तिने दोरा दातांनी तोडला. "आधी पाणी कसं आहे ते बघू. उद्या सुट्टी आहे. गाडी काढते."

चिरंजीव "खुब्याला धक्का बसेल, परत पडशील" असे काहीबाही म्हणाले. तिने किल्ल्या उचलल्या आणि मी काठी उचलली. चालायची काठी नव्हे.

आज आम्ही दुकान उघडले. आत कोंदट वास, फळ्यांवर धूळ, आणि रबरी बेडूक होते तसे ओळीने बसलेले. तिने धक्क्यावर ओणवे होऊन पाण्यात हात घातला, झाडाच्या बाजूचे गवत पाहिले आणि हात पुढे करून यजमानांचे रीळ मागितले. मी म्हणाले, ते नाही, दुसरे घे. दुसऱ्यावर तिने आधी नायलॉन घातले, मग विणीची दोरी जोडली. मी चष्मा लावून पाहत होते. न राहवून विचारले, "गाठ ओली केलीस का?"

"मग तोंड कशाला आहे?"

"ते तुझं तुलाच ठाऊक," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी हसलो. तिने माझ्यादेखत पहिल्यांदाच दोरी फेकली. बेडूक गवतात पडला नाही, माझ्या टोपीला अडकला. शिकेल.

सबब, कलम दुसरे, तिसरे आणि पाचवे मी याद्वारे फिरवत आहे. वकील म्हणेल पुन्हा स्वच्छ लिहा. लिहिणार नाही. खोडाखोड तशीच राहू द्यावी, प्रत्येक जागी माझी सही आहे.

दुकान, दुकानातला सगळा माल, धक्का आणि होडी माझ्या सुनेला मिळावी. बदकवाल्याला तिने काय सांगायचे ते तिने ठरवावे, पण "बघू" म्हणू नये. तिसऱ्या कलमातल्या दोरीच्या पद्धती तिला बंधनकारक नाहीत. तिला पटल्या तर पाळाव्यात, न पटल्यास माझ्या हयातीत माझ्याशी भांडून घ्यावे.

घर आणि बँकेतली शिल्लक चिरंजीवांकडेच राहील. शिवाय त्यांच्या वडिलांचे रीळ त्यांना द्यावे. दोरी मी उतरवली आहे, तळाची गाठ तेवढी ठेवली आहे. ती कोणी सोडू नये. चिरंजीव मला आजही तितकेच प्रिय आहेत, आणि त्यांचा राग मला आता झेपतो, त्यांनाही माझा झेपेल. मात्र बायकोला जे सांगायचे राहिले आहे ते त्यांनी मी जिवंत असताना, माझ्यासमोर सांगावे.

आठव्या मजल्यावर मी परत जाणार नाही. दुकानामागे माझे घर आहे, आणि ते अजून माझेच आहे.

हेडमास्तर कुणाला सापडल्यास सोडून द्यावा. तो नसेलच आता, पण त्या झाडाखाली कोणीतरी बसलेला असतो.

वर लिहिलेले सर्व वाचून, समजून, आणि डास मारत सही करत आहे.

ठिकाण: दुकानाबाहेरचा धक्का.
दिनांक: पाणी तापल्यानंतरचा पहिला रविवार. वकिलाने तारीख घालून घ्यावी.

सही: दुकानाची (मरेपर्यंत) मालकीण.

साक्षीदार:

एक. दातांच्या डॉक्टरीणबाई. सहीसाठी इथवर आल्या आणि धक्क्याखालचा मासा पाहून किंचाळल्या. सही केली आहे.

दोन. माझी सून. हे नाव मी खोडले आहे. त्या जागी होड्या दुरुस्त करणारा, ज्याला सगळे डांबर म्हणतात, त्याची सही घेतली आहे. सुनेला आता साक्षीदार होता येत नाही.