प्रतिकारशक्ती वाढवल्याबाबत

मु. पो. धाड, जि. बुलढाणा
रविवार, सकाळ

वयाने चि. परंतु शिक्षणाने ती. स्व. हिमानी हिस,

तुझ्या मावसाजींचे, म्हणजे भालचंद्रचे, आशीर्वाद. त्यात थोडे नमस्कारही मिसळले आहेत. (किती आशीर्वाद घ्यायचे आणि किती नमस्कार, हे पत्र संपल्यावर तूच ठरव.) तुझी तब्येत ठीक असावी. पुण्यातल्या तुझ्या प्रयोगशाळेतले उंदीरही ठीक असावेत, म्हणजे ज्यांनी बरं राहायचं ते बरे आणि ज्यांचे सांधे तुम्ही अभ्यासासाठी सुजवता ते रीतसर सुजलेले. इकडे आम्ही उभयता सुखरूप आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. त्यावर विश्वास ठेवू नकोस.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. कारण साधं आहे. मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, आणि ज्याला कमी ऐकू येतं तो मोठ्याने बोलतो. मी फोनवर असलो की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक मध्येच मला उत्तर देतं. व्हॉट्सअ‍ॅप म्हणशील तर ते आमच्या घरात एकच, तुझ्या मावशीच्या मोबाइलवर. आणि जे लिहायचंय ते नेमकं तिनेच वाचता कामा नये. म्हणून ती देवपूजेला बसली की मी इथे लिहायला बसतो, घंटी वाजली की उठतो. हे पत्र तीन पूजांमध्ये लिहून झालं आहे, म्हणून मध्येच शाई बदललेली दिसेल.

दोन दिवाळ्यांपूर्वी तू आली होतीस तेव्हा तुझ्या मावशीच्या, रेणुकाच्या, दुखण्याचं नाव नुकतंच कळलं होतं. संधिवात, पण म्हातारपणाचा नव्हे, प्रतिकारशक्तीच्या चुकीचा. तू ओट्यावर बसून मला समजावलंस, की मावसाजी, प्रतिकारशक्ती म्हणजे घराचा कुत्रा. चोराला चावायचं सोडून मावशीचा कुत्रा घरच्यांनाच चावतोय, तिच्या सांध्यांना. त्याला मारायचं नाही, फक्त बांधून ठेवायचं. त्यासाठी ही गोळी. मी मान डोलावली. उदाहरण इतकं सोपं होतं की मला ते संपूर्ण समजलं असं वाटलं, आणि माझी निम्मी चूक तिथेच झाली. कुत्रा म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच विचार आला, की उपाशी कुत्राच घरच्यांना चावतो. त्याला बांधता कशाला, भाकरी वाढा.

आता माझी नोकरी तुला माहीतच आहे. तेहतीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात काढली. हुद्दा पशुधन पर्यवेक्षक, पण गावात ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर, आणि तेहतीस वर्षांत मी एकाही माणसाची चूक दुरुस्त केली नाही. (खरे डॉक्टर जिल्ह्याला गेलेले असायचे. ते नेहमीच जिल्ह्याला गेलेले असायचे.) लम्पीची साथ आली तेव्हा बर्फाचा डबा मोटरसायकलला बांधून मी बारा गावं फिरलो. एका बैलाने लाथ मारून माझी दोन बोटं मोडली, तरी उरलेल्या तीन बोटांनी त्यालाच लस दिली. दवाखान्याच्या भिंतीवर 'लस टोचा, प्रतिकारशक्ती वाढवा' असं निळ्या रंगात लिहिलंय ते माझंच अक्षर. अशा माणसाच्या घरात प्रतिकारशक्ती कमी करायची गोळी आली, आणि तीही मी माझ्या हाताने द्यायची! वर्षभर दिली. दर रविवारी जेवणानंतर दिली. तिची सूज उतरली, ती पोळ्या लाटू लागली, एकदा तर हिवरा आश्रमच्या उत्सवाला जाऊन बायकांच्या पंगतीत वाढून आली. मला आनंद झाला, पण आत कुठेतरी टोचत राहिलं की हे सगळं माझ्या भिंतीच्या विरुद्ध चाललंय.

मग बाजाराच्या दिवशी किसनराव भेटला. त्याच्या गाईला लम्पीत मी वाचवलं होतं, तेव्हापासून तो माझी फार इज्जत करतो आणि त्या इज्जतीपोटी वाटेल ते विचारतो. चार माणसांत म्हणाला, "डॉक्टर, तुमी गुरायले ताकद वाढवाची सुई देता, अन् घरी वहिनीले ताकद उतरवाची गोळी? हे काऊन जी?" सगळे हसले. मीही हसलो. हातात मेथीची जुडी होती, ती घरी येईपर्यंत अर्धी चुरगळली होती.

आता पुढचं लिहितो. रविवारची गोळी छोटी पिवळी असते. तिचा त्रास होऊ नये म्हणून बाकीच्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिडची दुसरी गोळी असते, तीही छोटी पिवळी. गोळ्या डब्यात भरायचं काम माझं. गुढीपाडव्यापासून मी रविवारच्या कप्प्यातही दुसरीच पिवळी टाकू लागलो. आणि रोज सकाळी शेतातल्या कडुनिंबावरच्या गुळवेलीचा काढा, वाटीभर, काठोकाठ. तिला म्हणालो, गोळीला जोड म्हणून घे. तिने नाक न मुरडता घेतला. पहिला महिना काही झालं नाही. (आधीच्या औषधाचा जोर शरीरात काही दिवस उरतो, हे मला नंतर गोळीच्या खोक्यातली चिठ्ठी भिंगातून वाचल्यावर कळलं. ती चिठ्ठी वर्षभर खोक्यातच होती.) मी मात्र ते माझं यश समजलो. गल्लीत सांगितलं. सकाळी सहाला आमच्या ओट्याशी वाट्या घेऊन रांग लागू लागली. शेजारच्या सरस्वतीबाईंना तीन दिवस घराबाहेर पडता आलं नाही, तरी त्यांनी सगळ्यांना "पोट लई साफ झालं" असंच सांगितलं. बाई मोठ्या मनाच्या. पाच आठवडे मी खऱ्या अर्थाने डॉक्टर होतो.

सहाव्या आठवड्यात रेणुकाला सकाळी चहाची कपबशी उचलेना. सातव्यात वेणी घालता येईना, मी घातली, ती कशी घातली असेल याची तू कल्पना करू शकतेस (गाईच्या शेपटीचा गोंडा मी बरा बांधतो). मी काढा दुप्पट केला. आठव्या आठवड्यात तिची मनगटं इतकी सुजली की तुझ्या आजीच्या पाटल्या मांसात रुतल्या. साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं. शेवटी सोनाराकडे नेलं. त्याने हात पाहिला आणि अदबीने म्हणाला, "काकू, पह्यले समोरच्या काचेच्या वाढवा लागतील." आणि चिमट्याने दोन्ही हातांतल्या हिरव्या बांगड्या एकेक करून वाढवल्या. हिमानी, तू आता पुण्याची, म्हणून सांगतो, बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नारळ फोडतात तो वाढवतात, दिवा विझवतात तो वाढवतात. मी तेहतीस वर्षं भिंतीवर 'वाढवा, वाढवा' लिहीत आलो, आणि आपल्या भाषेत त्याचे अर्थ दोन आहेत हे मला त्या सोनाराच्या पाटावर कळलं. तुझ्या मावशीची प्रतिकारशक्ती मी नारळ वाढवतात तशी वाढवली होती. पाटल्या कापताना ती रडली नाही. मलाच म्हणाली, "अवो, सोनं हाय ते, सांधता येते." मला इतकी लाज वाटली की मी सोनाराला घड्याळाचा पट्टा दाखवत बसलो.

सांध्यांच्या डॉक्टर सुचिता मॅडम दर मंगळवारी बुलढाण्याला येतात. वयाने तुझ्यापेक्षा चार-सहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी रेणुकाची बोटं दाबून पाहिली, रक्ताचा रिपोर्ट पाहिला. सूज चौपट, आणि लिव्हरचे आकडेही वर गेलेले. त्यांनी विचारलं, गोळी नियमित घेताय ना? दुसरं काही, काढा, चूर्ण, चालू नाही ना? प्रश्न तुझ्या मावशीला होता. उत्तर मी दिलं. म्हणालो, "मॅडम, गोळी मी स्वतः देतो. बाकी काही नाही." हे वाक्य मी इतक्या ठामपणे बोललो की मॅडमनी पुन्हा विचारलंच नाही. त्या म्हणाल्या, म्हणजे ही गोळी यांचं दुखणं थांबवत नाही आणि लिव्हरलाही सोसत नाही. गोळी बंद. थोडे दिवस दुसऱ्या गोळ्यांवर भागवू, आणि काही तपासण्या करून मोठं इंजेक्शन सुरू करू. तपासण्या कशाला, तर त्या इंजेक्शनने प्रतिकारशक्ती आणखी दबते, अंगात कुठे क्षयरोग झोपलेला असला तर तो जागा होऊ शकतो. बघ म्हणजे झालं. कुत्र्याला दोरीने बांधू नये म्हणून मी सोडला, आता त्याच्यासाठी साखळी येतेय.

मला वाटलं होतं, गुपचूप खरी गोळी पुन्हा डब्यात टाकीन आणि सगळं जिथल्या तिथे होईल. पण गोळीच बंद झाली. लिव्हरला बाधला असेल तो माझा काढा, पण जिने काही गुन्हा केला नाही ती गोळी दोषी ठरली, आणि तिच्या बाजूने साक्ष देणारा एकच माणूस आहे, तो मी, आणि मी गप्प बसलोय. तू मागे सांगितलं होतंस, तुमच्याकडे एका उंदराचं औषध बदलायचं तरी समितीची परवानगी लागते, कागद करावे लागतात, उंदराला किती त्रास होईल ते लिहून द्यावं लागतं. मीदेखील नोकरीत असताना जिल्ह्याला गेलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कोणाच्या गाईला मोठी सुई टोचली नाही. आणि सदतीस वर्षं संसार केलेल्या बाईचं औषध मी कोणाला न विचारता बदललं. तिलाही नाही. मला झोप लागत नाही, जेवण जात नाही, आणि ती मलाच विचारते, "काऊन हो, बरं वाटत नाही का तुमाले?"

काढा बंद केला आहे. गल्लीला सांगितलं, वेल सुकली. थोरामोठ्यांना नमस्कार, उंदरांना काय सांगायचं असतं ते माहीत नाही, तेही सांग.

तुझा अपराधी,
भालचंद्र मावसाजी

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. येत्या मंगळवारी नव्हे, त्याच्या पुढच्या मंगळवारी इंजेक्शन द्यायचं ठरलंय. त्याआधी तू सुचिता मॅडमना फोन कर. नंबर कागदाच्या मागे आहे. तू त्यांच्या भाषेतली, तुझं त्या ऐकतील. त्यांना सांग की घरातल्या कोणाकडून तरी चुकून गोळ्यांची अदलाबदल झाली, आणि काढाही चालू होता. 'कोणाकडून तरी' आणि 'चुकून' हे दोन शब्द तेवढे जपून वापर.

ता. क. २. किसनरावाचा दोष नाही. तो विसरूनही गेला असेल. खरं कारण असं आहे की गावभर मला डॉक्टर म्हणतात, फक्त तुझी मावशी म्हणत नाही. मला वाटलं होतं, ती बरी झाली तर एकदा म्हणेल.

ता. क. ३. तुझा पत्ता तिच्याच वहीत आहे. म्हणून पाकीट आधीच पक्कं चिकटवून तिच्याकडे देतोय, ती वर पत्ता लिहील. आतलं तिला कळायचा प्रश्न नाही.

---

हिमानी,

पाकीट भाताच्या वाफेवर धरलं का उघडते. यायले, तुह्या मावसाजीले, तेही मालूम नाही. त्या नव्या गोळ्यायनं बोटं जराशी चालतात, तं लिवून राह्यली. अक्षर वाकडंतिकडं आलं तं समजून घे.

गोळीचं मले पाडव्यापासून मालूम होतं. रविवारची गोळी घेतली का सोमवारी दिवसभर मले मळमळ होये, वर्षभर झाली. पाडव्यानंतर एकाही सोमवारी झाली नाही. तवाच समजली का गोळी बदलली. पण मी बोलली नाही. मले वाटलं, यायचंच खरं निंघालं तं जन्माची गोळी सुटंल. दर रविवारी देवाले हेच मांगे. काढाही त्याच आशेनं पेली. अन् मॅडमनं इचारलं तवा हे खोटं बोलले, अन् म्या मान हालवली. मॅडमनं माह्याकडं पाह्यलं होतं.

तू फोन करू नको. 'कोणाकडून तरी' नाही अन् 'चुकून' बी नाही. यायले काल रातच्याला सांगणार होती का मले मालूम हाय, पण हे पत्र लिहू दे म्हटलं, मन हलकं होईल. आता मंगळवारी सकाळच्या एसटीनं दोघंही जातो, पुढच्या मंगळवारची वाट पाहात नाही. पह्यले हे आपलं सांगतील. यायचं झालं का मग मी माह्यं सांगीन.

तुही मावशी